बोटाला सापडलं तर उसवायचं

मावशीच्या कामाची परीक्षा एकच होती. रफू पूर्ण झालं की कापड मांडीवर सपाट पसरायचं, डोळे मिटायचे आणि जिथे भोक होतं त्या जागेवरून उजव्या हाताची तर्जनी हळू फिरवायची. बोटाला जागा सापडली तर उसवायचं. नाही सापडली तर कोट इस्त्रीकडे द्यायचा.

“डोळ्याला काय, कुणीही फसवतं,” ती म्हणायची. “काळ्या कोटावर काळा धागा, झालं. पण कोट घालणाऱ्याचा हात त्या जागेवर जाणारच. पडलेल्या दाताच्या खाचेत जीभ जाते तसा. हाताला कळलं की संपलं.”

हा नियम तिला तिच्या गुरूने घालून दिला होता. तो म्हातारा शेवटी शेवटी आंधळा झाला होता आणि तरीही तिच्या कामात चुका काढत होता. तो गेला तेव्हा त्याची खुर्ची तिला मिळाली. त्या खुर्चीवर ती चौतीस वर्षं बसली.

कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानाची ती मागची खोली. उत्तरेला एक खिडकी, खिडकीतून समोरच्या इमारतीची बिनखिडक्यांची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप, एवढंच दिसायचं. पण उत्तरेचा उजेड दिवसभर रंग बदलत नाही, म्हणून खुर्ची तिथे. खोलीत ओल्या लोकरीचा आणि डाग काढायच्या औषधाचा वास. दुसऱ्या टोकाला इस्त्रीवाल्याचं टेबल आणि त्याची वाफ. तिसरं माणूस त्या खोलीत नव्हतं. सिगारेटने जळलेल्या बाह्या, कसर लागलेले स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेले खिसे तिच्यापुढे येत. कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती त्याच कापडाचे धागे ओढून घ्यायची आणि ते उभे-आडवे विणत भोक भरून काढायची. एक धागा वरून, एक खालून. नखाएवढ्या भोकाला अर्धा दिवस. सगळं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत.

गिऱ्हाईक कोट उलटसुलट करून बघायचं आणि वैतागून म्हणायचं, अहो, इथे तर काही केलेलंच नाही. तेव्हा ती खूश व्हायची. जिचं आयुष्यभराचं काम कुणाला दिसू नये यासाठीच होतं, तिने आपलं दुखणंही तसंच केलं यात नवल नव्हतं. पण हे आम्हाला फार उशिरा सुचलं.

मी तिच्या बहिणीची मुलगी. आई गेल्यापासून त्याच इमारतीत, मावशीच्या डोक्यावरच्या खोलीत राहते. एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची माझी नोकरी आहे. दिवसाला साठ-सत्तर होतात. तक्रार कशी ऐकावी, माणूस काय बोलत नाही ते कसं ओळखावं, याचं मला रीतसर शिक्षण मिळालेलं आहे.

सुरुवात आवाजाने झाली. आमच्या इमारतीची जमीन पातळ. पहाटे खालून काहीतरी आपटल्यासारखं ऐकू येऊ लागलं. थोडं थांबून पुन्हा. तीन-चार दिवसांनी मी विचारलं.

“मावशी, पहाटे काय आपटत असतेस?”

“हात.”

“कशावर? काकांवर?”

“तेवढं माझं नशीब कुठलं! पलंगावर.”

काका, म्हणजे तिचा नवरा, समोरच बसले होते. ते एका उंच इमारतीत लिफ्ट चालवून निवृत्त झालेले. मावशी म्हणायची, चाळीस वर्षं लोकांना वर नेलं आणि स्वतः रोज तळमजल्यावर उतरले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, “हातात मुंग्या येतात तिच्या. झोपेतून उठून झटकत बसते. ताप बघायची नळी झटकावी तसा. एकदा दाखवून ये म्हटलं तर ऐकत नाही.”

“हात दाखवून अवलक्षण,” मावशी म्हणाली. “आहे ते बरं आहे.”

शेवटी आम्ही तिघं रुग्णालयात गेलो. लांब खोली, एकमेकांना जोडलेल्या खुर्च्या, आणि जवळजवळ प्रत्येकाचा एक हात मांडीवर तळवा वर करून ठेवलेला. जणू सगळ्यांनी काहीतरी मागितलं होतं आणि कुणी दिलं नव्हतं. खिडकीतून आम्हाला दोन पानांचा एक कागद मिळाला. पहिल्या पानावर अकरा प्रश्न: रात्री किती दुखतं, दिवसा किती, किती वेळ, जाग किती वेळा येते, बधीरपणा, अशक्तपणा, मुंग्या. दुसऱ्या पानावर रोजची आठ कामं, आणि ती करताना किती अडचण होते. प्रत्येक उत्तर एक ते पाच. एक म्हणजे काही त्रास नाही. पाच म्हणजे सगळ्यात वाईट.

मावशीने पेन माझ्याकडे सरकवलं. “तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.”

“रात्री हात किती दुखतो?”

“दुखतो.”

“एक ते पाच सांग.”

“मधलं कोणतं?”

“तीन.”

“मग दोन लिही. तीन म्हटलं की ते काहीतरी करायला बघतात.”

“रात्रीत किती वेळा जाग येते?”

“जाग मला यांच्या घोरण्याने येते.”

“मावशी.”

“बरं, एकदा.”

एकदा म्हणजे दोनचा आकडा. मी दोन लिहिला. पान उलटलं.

“लिहिताना अडचण होते का?”

“नाही,” मावशी म्हणाली, आणि मी एक लिहिला. लिहीत मी होते. ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

“बटणं लावताना?”

“माझ्या कपड्यांना बटणं आहेतच कुठे?”

खरं होतं. त्या वर्षी ती डोक्यावरून घालायचे कपडे वापरू लागली होती. मी एक लिहिला.

“बरणीचं झाकण उघडताना?”

“उघडतं की. उलट हल्ली हलक्या हाताने उघडतं.”

काका आपल्या बुटांकडे बघत होते.

कागदावरच्या आकड्यांची सरासरी काढली जात होती. ज्यांचे आकडे मोठे, त्यांच्या हाताला तारा लावून विजेची तपासणी व्हायची आणि मग शस्त्रक्रियेच्या यादीत नाव. ज्यांचे लहान, ते थांबायचे. आमचे लहान आले. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण जे सांगायचं ते त्यांनी नीट सांगितलं. मनगटात एक अरुंद बोळ असतो. त्यातून बोटं हलवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि एक मज्जातंतू. जागा कमी पडली की मज्जातंतू दबतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू त्याच्या ताब्यात. “फार दिवस दबत राहिला तर बोटांना कळणं बंद होतं,” ते म्हणाले, “आणि मग वाट मोकळी करून दिली तरी गेलेलं परत येईलच असं नाही. सध्या तुमचं सौम्य दिसतंय. रात्री मनगटाला ही पट्टी बांधा. सहा महिन्यांनी या.”

जिना उतरताना मावशी तरतरीत दिसत होती. “सुईच्या नाकातून दहा धागे,” ती म्हणाली. “होणारच की गर्दी.”

“तू सगळं खरं सांगितलंस ना?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची. मनगट कापलं की दीड महिना हात बंद. दीड महिन्यात माझ्या खुर्चीवर कपड्यांची टोपली येऊन बसेल. माणूस उठवता येतं, टोपली उठत नाही.”

पट्टी तिने पंधरा दिवस बांधली. मग ती दाराच्या खिळ्याला लटकली आणि तिथेच राहिली. आत धातूची पट्टी असल्यामुळे तिचा आकार मोडत नव्हता. येता-जाता तिथे कुणाचातरी हात टांगून ठेवल्यासारखा दिसायचा.

त्या हिवाळ्यात त्यांच्या घरात बारीक बारीक बदल झाले. ते इतके हळू झाले की बदल वाटले नाहीत. फोन कानाला न लावता टेबलावर ठेवून बोलायचं. पुस्तक उशीवर टेकवून वाचायचं. तीन कप फुटल्यावर भांडी काका घासू लागले. “निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा,” मावशी म्हणायची. सामानाची पिशवी मी वर येताना आणायचे, कारण मी येतच असायचे. एका सकाळी मी लवकर खाली गेले तर काका स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते. एकेक बरणी घेऊन झाकण जोर लावून सैल करायचे आणि पुन्हा अलगद टेकवून ठेवायचे. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली, ओठांवर बोट ठेवलं.

मी तशीच मागे फिरले. मला ते प्रेमाचं वाटलं. होतंच ते प्रेमाचं. आम्ही दोघं तिच्या हाताला पडलेली भोकं भरत होतो, आणि इतकी बेमालूम की तिलाही सापडू नयेत.

मग वसंताच्या सुमाराला एका पहाटे मला जाग आली ती आवाज न आल्यामुळे. पडल्या पडल्या वाट बघितली. खाली शांत होतं. दुसऱ्या दिवशीही शांत. आठवडा गेला.

“थांबलं गं,” मावशी म्हणाली. तिने हात माझ्यापुढे धरला, उलटा केला, सुलटा केला. “मुंग्या नाहीत, दुखणं नाही. रात्रभर मेल्यासारखी झोपते. सांगत होते ना, आपोआप जातं.”

आम्ही तिघांनी चहा घेतला. मावशीने कप दोन्ही तळव्यांत धरला होता, पाखरू धरावं तसा. तेव्हा मला तिच्या अंगठ्याच्या मुळाशी, जिथे मांसाचा उंचवटा असतो तिथे, सपाट जागा दिसली. सपाटही नाही, किंचित खळगा. तिथे सावली साचत होती. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं.

कामही तिचं उत्तम चाललं होतं. इतकं उत्तम की तिलाच आश्चर्य वाटायचं. पूर्वी दहातले दोन-तीन कपडे तिला पुन्हा उसवावे लागत. आता एकही लागत नव्हता. डोळे मिटून तर्जनी फिरवली की खाली नुसतं कापड, कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. “म्हातारा असता तर आज त्याने कान पकडले असते,” ती म्हणाली. “स्वतःचे. चौतीस वर्षांनी हाताला यश आलं म्हणायचं.”

मी ऐकत होते, हसत होते. यात काय खटकतंय ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचं नव्हतं.

इस्त्रीवाला मला दुकानाच्या दारात भेटला. मावशीला न्यायला मी जरा लवकर गेले होते. तो जाडजूड, मिशाळ माणूस, मावशीला ताई म्हणायचा. एरवी त्याच्याकडे रोज नवा विनोद असायचा. त्या दिवशी त्याने आत बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“तुझ्या मावशीचं रफू हल्ली माझी इस्त्री करते.”

“म्हणजे?”

“म्हणजे फोड आलाय कापडाला, फोड. ओलं फडकं टाकून दाबतो, वाफ देतो, पुन्हा दाबतो. तेव्हा कुठे बसतं. दोनदा घातलं की परत वर येत असणार.”

“मग तिला सांगा ना.”

“तू सांग. मी कोणत्या तोंडाने सांगू? मला या खोलीत काम मिळवून दिलं तिने.”

आतून मावशी ओरडली, “काय कुजबुजताय? लग्नाला मुलगी बघताय की काय, दादा?”

“तुमच्या भाचीला स्थळ सुचवत होतो, ताई. मुलगा चांगला आहे, फक्त कुरकुऱ्या आहे.”

“मग तिला चालेल. तिची नोकरीच ती आहे.”

दारामागच्या दांडीवर तयार कोट टांगलेले होते. बाहेर पडताना मी त्यातल्या करड्या कोटाच्या कोपरावर माझं बोट ठेवलं. शोधावं लागलं नाही. तिथे एक गाठाळ, कडक चट्टा होता, बऱ्या झालेल्या जखमेसारखा. मी बोट काढून घेतलं, खिशात घातलं. घरी पोचेपर्यंत मावशी बोलत होती आणि मी हं, हं करत होते. सहा महिन्यांची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. तिथे ते बघतीलच, असं म्हणून मी गप्प राहिले. ते पंधरा दिवस आता मला मोजता येतात. तेव्हा ते नुसते गेले.

दुसऱ्या खेपेला काका आले नाहीत. पुन्हा तोच दोन पानांचा कागद. मी वाचलं, मावशीने सांगितलं, मी लिहिलं. रात्री दुखणं: एक. जाग येणं: एक. मुंग्या: एक.

“बधीरपणा?”

“बधीर म्हणजे कसं? जड जड, सुजल्यासारखं?”

“बहुतेक.”

“मग नाही. हलका वाटतो हात.”

एक. सगळी आठ कामं, एक. पान इतकं स्वच्छ दिसत होतं की मला ते बघवेना, पण मी ते भरून खिडकीत दिलं.

यावेळी आम्हाला एका छोट्या खोलीत पाठवलं. तिथे हातांची मोजमापं घेणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या. टेबलावर पकडीचा जोर मोजायचं यंत्र आणि एका पेटीत प्लास्टिकच्या काड्यांना लावलेले, केसासारखे ताठ धागे, बारकाईने जाडीप्रमाणे लावलेले.

“माणसाचं माप शिंप्यानंतर तुम्हीच घेता वाटतं,” मावशी म्हणाली. धाग्यांवर तिची नजर गेली होती. “नायलॉन. याने रफू होत नाही हो.”

“याने मी फक्त विचारते,” बाई म्हणाल्या. त्यांनी आमचा कागद वाचला. गेल्या खेपेचा शेजारी ठेवला. “छान. आकडे उतरलेत. काय काम करता?” मावशीने सांगितलं. बाईंनी वर बघितलं. मग पुन्हा कागदाकडे. दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“हे अक्षर कुणाचं?”



“माझं,” मी म्हणाले.

“आणि गेल्या खेपेचं?”

“तेही माझंच.”

बाईंनी दोन्ही कागद उलटे ठेवले. “डोळे मिटा,” त्या मावशीला म्हणाल्या. “हात इथे ठेवा. काही लागलं की ‘लागलं’ म्हणा.”

डोळे मिटणं मावशीला सवयीचं होतं. तिने हात टेबलावर पसरला आणि चेहरा कामातल्यासारखा केला. बाईंनी सगळ्यात बारीक धागा तिच्या करंगळीच्या टोकाला टेकवला.

“लागलं.”

पुन्हा.

“लागलं.”

मग धागा तर्जनीवर. मावशी थांबून राहिली. बाईंनी जाड धागा घेतला. त्याहून जाड. शेवटचा इतका जाड होता की बोटाच्या टोकाला पांढरा खळगा पडून धागा वाकला. मावशीच्या भुवया किंचित वर गेल्या, पाहुण्याने ताटकळत ठेवल्यावर जातात तशा.

“करा ना सुरू,” ती म्हणाली.

बाईंनी ड्रॉवरमधून एक बटण काढलं, कोटाचं, चार भोकांचं. ते तिच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये ठेवलं आणि वरून तिची चिमूट मिटवली.

“हातात काय दिलंय, सांगा.”

“द्या तरी आधी.”

मी बटण बघत होते. ते तिच्या चिमटीत होतं. खोलीत घड्याळ नव्हतं, तरी काहीतरी टिकटिकत होतं. मावशीने डोळे उघडले, हाताकडे बघितलं. बटण खाली पडलं आणि गोल फिरत फिरत आडवं झालं.

“दुखायलाही मज्जातंतू लागतो,” बाई हळू म्हणाल्या. “तो दमला की दुखणं थांबतं. कधीपासून थांबलंय?”

मावशीने माझ्याकडे बघितलं. ते बघणं रागाचं नव्हतं. रागाचं असतं तर बरं झालं असतं.

“तीन महिने,” मी म्हणाले.

बाईंनी फोन उचलला, कुणाशी तरी थोडं भांडल्या, आणि विजेची तपासणी त्याच दुपारी करून घेतली. मग एक कोरा कागद माझ्या हातात दिला. “हा पुन्हा भरून आणा. आता खरा. आकडा लहान आला म्हणून इथे कुणी पाठ थोपटत नाही.”

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, “घरी नको. दुकानात.”

आम्ही पोचलो तेव्हा खिडकीत तोच उजेड होता. इस्त्रीवाला वाफ सोडत होता. “ताई, आज सुट्टी ना?”

“इस्त्री बंद करा, दादा.”

वाफेचा आवाज विझला. दांडीवर नऊ कपडे होते, सगळे तिने तपासून पुढे दिलेले. तिने पहिला कोट उतरवला, खुर्चीवर बसली, मांडीवर पसरला, डोळे मिटले. तर्जनी फिरवली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग तिने तो हात जरा उचलला, बाकीची बोटं दूर धरली आणि करंगळी टेकवली. आयुष्यात तिने त्या बोटाला कधी काम दिलं नव्हतं. ते अडखळत कापडावरून सरकलं आणि थांबलं.

“सापडलं,” ती म्हणाली.

दुसरा कोट. “सापडलं.” तिसरा स्वेटर होता. लोकरीत लपायला जागा जास्त, तरी सापडलं. नवव्या कपड्यापर्यंत तिचा आवाज अगदी सपाट झाला होता, यादी वाचल्यासारखा.

“परत किती आले, दादा?”

“नाही हो, गिऱ्हाईक घेऊन जातंय की…”

“किती?”

“चार.” इस्त्रीवाला मिशीला हात लावून उभा होता. “मी दाबून दिले.”

“आणि बरण्या यांनी सैल केल्या,” मावशी म्हणाली. म्हणजे तिला ते माहीत होतं. “आणि कागद हिने भरला. माणसं चांगली मिळाली मला. बोट ठेवायला जागा ठेवली नाहीत.”

तिने टेबलावरची बारीक कात्री घेतली, धागा चिमटीत धरायला गेली. धागा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तिने कात्री माझ्यापुढे धरली.

“तू उसव. माझ्याने धरवत नाही.”

हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी उसवत गेले, ती करंगळीने जागा दाखवत गेली. नऊ भोकं पुन्हा उघडी झाली. मग इस्त्रीच्या टेबलावर, जिथे अजून ऊब होती, तिथे मी कोरा कागद ठेवला आणि पहिल्यापासून वाचायला लागले. बधीरपणा: पाच. लिहिणं: पाच. बटणं: पाच. पिशवी उचलणं या प्रश्नावर ती म्हणाली, “चार लिही. डाव्या हाताने नेते कधीकधी. खोटं नको.”

शस्त्रक्रिया नवव्या दिवशी झाली. तळहाताच्या मुळाशी दोन बोटं लांबीचा व्रण. मनगटातल्या बोळावरचा ताठ पट्टा कापला, वाट मोकळी झाली. पुढचं कुणी सांगू शकत नव्हतं. मज्जातंतू वाढलाच तर गोगलगाईच्या चालीने वाढतो. कधी वाढतच नाही. निघताना मोजमापवाल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. “रात्री मुंग्या आल्या, कळ आली, वीज चमकल्यासारखं झालं, तर घाबरू नका. लगेच मला फोन करा. ती चांगली बातमी असेल.”

त्याला आता चार महिने झाले. खुर्चीवर टोपली आली. इस्त्रीवाला रोज सकाळी ती खाली ठेवतो, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी पुन्हा वर ठेवतं. काका पहाटे जागे असतात. मीही असते. वर मी, खाली ते, दोघंही पलंगावर हात आपटण्याच्या त्या आवाजाची वाट बघत. जो आवाज थांबला म्हणून आम्ही चहा केला होता, तो. मावशी शांत झोपते.

रोज कामावर जाण्याआधी मी तिच्यासाठी एक कापड घेऊन जाते. त्यात मी स्वतः एक भोक पाडून भरलेलं असतं. मला रफू येत नाही. “तेच हवं,” मावशी म्हणते. “चांगलं मला काय करायचंय? उंच कर. म्हाताऱ्याला राग येईल असं कर.” आजचं तर मी इतकं वाईट केलंय की गाठ लांबूनही दिसते.

ती टेबलाशी बसते, कापड सपाट करते, डोळे मिटते. करंगळी मुद्दाम मुठीत दाबून धरते, तिने मध्ये बोलू नये म्हणून. तर्जनी कापडाच्या कडेवरून निघते. गाठीवर चढते, गाठीवरून उतरते, दुसऱ्या कडेपर्यंत जाते. तिथे थांबते आणि वळून परत यायला लागते.

“मावशी…”

“थांब,” ती म्हणते. “अजून सांगू नकोस.”